जुन्या विंडोज बॅकअपमधल्या फायली लिनक्सवर कशा काढायच्या

विंडोज सोडून लिनक्सवर जाताना बरेचजण आधी जुना संगणक पुसून मोकळा करतात आणि मग बॅकअपची डिस्क नव्या संगणकाला लावून बघतात. हा क्रम उलटा हवा. काही बॅकअप ज्या प्रोग्रॅमने घेतले त्याच्याशिवाय सहजासहजी उघडत नाहीत, आणि नेमका तोच प्रोग्रॅम पुसला गेलेला असतो. जुनं विंडोज जिवंत असेल तर काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

आधी डिस्क

डिस्क लिनक्सला जोडताना ती ‘फक्त वाचन’ पद्धतीने माउंट करा (म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी जोडा). टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी करताना मध्येच अडकत असेल, तर एकेक फाइल उचलायचा प्रयत्न सोडून द्या; प्रत्येक प्रयत्नाला डिस्क आणखी झिजते. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. तिला जागा डिस्कच्या पूर्ण क्षमतेएवढी लागते, भरलेल्या भागाएवढी नव्हे: ५०० जीबीच्या डिस्कवर ८० जीबीच भरलं असलं तरी ५०० जीबी मोकळे ठेवा. मॅपफाइल, म्हणजे काम कुठवर झालं त्याची नोंद ठेवणारी फाइल, द्यायला विसरू नका. ती असली की वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. नंतरची सगळी खटपट या इमेजवरच करायची.

डिस्क विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या संगणकातून काढलेली असेल तर आणखी एक अडचण येते. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नेहमीचं शटडाउन हे खरं शटडाउन नसतं, विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. नुसतं वाचायचं असेल तर चिंता नाही, पण शेवटचे बदल कदाचित दिसणार नाहीत. डिस्क काढण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा.

हा बॅकअप आहे तरी कसला?

फाइलच्या शेपटीवर (नावातल्या टिंबानंतरच्या अक्षरांवर) भरवसा ठेवू नका, वर्षानुवर्षांत कुणीतरी ती बदललेली असू शकते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) फाइलची पहिली काही अक्षरं बघा. एक्सपीतल्या एनटीबॅकअप या बॅकअप प्रोग्रॅमची बीकेएफ फाइल इंग्रजी ‘टेप’ या चार अक्षरांनी सुरू होते, कारण तो मुळात टेपवर लिहायचा साचा आहे. झिपची सुरुवात ‘पीके’ने होते. फोल्डरच्या नावांवरूनही कळतं: ‘विंडोज इमेज बॅकअप’ म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा, ‘फाइल हिस्टरी’ म्हणजे विंडोज ८ पासूनची सुट्या प्रतींची साठवण, आणि संगणकाच्या नावाचा फोल्डर, आत ‘बॅकअप सेट’ आणि तारीख, तर तो व्हिस्टा किंवा विंडोज ७ चा झिप बॅकअप.

बीकेएफ

सगळ्यात जास्त वेळ हाच खातो. लिनक्सवर एमटीएफटार नावाची छोटी उपयुक्तता बीकेएफचं टार या लिनक्सवर सहज उघडणाऱ्या आर्काइव्हमध्ये रूपांतर करते. आधी ती वापरून बघा. ती अडली तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी बसवा, त्याचं नेटवर्क बंद ठेवा, आणि मूळ एनटीबॅकअपच चालवा. एक्सपी होममध्ये तो आपोआप बसत नाही. सीडीवरच्या ‘व्हॅल्यूअ‍ॅड’ फोल्डरमध्ये त्याचा इन्स्टॉलर असतो. मग:

१. बीकेएफ फाइल व्हर्च्युअल संगणकाच्या एनटीएफएस ड्राइव्हवर आणा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. (बॅकअपच जर नेमका ४ जीबीला संपत असेल, तर तो बहुधा घेतानाच अर्धवट राहिला आहे.)

२. रिस्टोअर टॅबमधून फाइल कॅटलॉग करा. नव्या संगणकाला त्या बॅकअपची यादी माहीत नसते, त्यामुळे मोठ्या फाइलला वेळ लागतो. प्रोग्रॅम अडकला असं समजून बंद करू नका.

३. रिस्टोअर कुठे करायचं, यात ‘अल्टरनेट लोकेशन’ निवडा. ‘सिंगल फोल्डर’ चुकूनही नको: तो सगळी फोल्डररचना मोडून सगळं एका ढिगात ओततो, आणि एकाच नावाच्या दहा फायली एकमेकींवर आदळतात.

४. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘रिस्टोअर सिक्युरिटी’ची खूण काढा. ती राहिली तर फायलींवर जुन्या संगणकावरच्या खात्यांचे हक्क लागतात, आणि फाइल समोर दिसते पण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणते.

विंडोज ७ चे झिप

या झिप सेव्हन-झिपने किंवा लिनक्सवरच्या कुठल्याही आर्काइव्ह प्रोग्रॅमने उघडतात. एका बॅकअप सेटमध्ये पहिला पूर्ण बॅकअप आणि नंतरचे फक्त बदल असतात, म्हणून सगळ्यात जुन्या तारखेपासून सुरुवात करून सगळं एकाच फोल्डरमध्ये उलगडत जा. नव्या प्रतीने जुनी पुसली जाऊ द्या. मध्यंतरी मुद्दाम काढून टाकलेल्या फायलीही यात परत येतील, त्याला इलाज नाही.

खरा घोळ मोठ्या फायलींचा. आउटलुकची पीएसटी (मेलची फाइल), व्हिडिओ अशा फायलींचे तुकडे होऊन ते अनेक झिपमध्ये विखुरतात, आणि वरच्या पद्धतीने काढल्यावर हाती तुटकी फाइल येते. त्यांच्यासाठी विंडोजचाच आधार घ्या: विंडोज १० आणि ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अजून आहे. पीएसटी अख्खी मिळाली की लिनक्सवरचं रीडपीएसटी तिचं एमबॉक्स, म्हणजे इतर मेल प्रोग्रॅमना वाचता येणारी फाइल, करून देतं.

फाइल हिस्टरी

यात उलगडायला काही नाही, पण नावं विचित्र दिसतात: ‘जमाखर्च (२०१६_०५_१४ १०_२२_३१ यूटीसी)’ आणि मग फाइलची शेपटी. तोच जमाखर्च बारा वेळा बदलला असेल तर अशा बारा प्रती. इथे नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या तारखेच्याच फायली उचलणं. जी फाइल पहिल्या दिवसानंतर बदललीच नाही, तिच्यावर पहिल्याच दिवसाची तारीख असते. लग्नाचे फोटो असेच मागे राहतात. प्रत्येक नावाची सर्वांत नवी प्रत वेगळी करा (तारीख वर्षापासून लिहिलेली असल्याने नावानुसार लावलं की क्रम आपोआप बरोबर लागतो), आणि त्यानंतरच सामूहिक नामांतराने कंसातला भाग काढा. आधी कंस काढलात तर बाराही प्रतींचं नाव एकच होईल.

अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा

विंडोज ७ मध्ये ती व्हीएचडी प्रकारची फाइल असते, पुढे व्हीएचडीएक्स. सेव्हन-झिपच्या नव्या आवृत्त्या दोन्ही उघडतात. लिनक्सवर गेस्टमाउंटने ती फक्त वाचनासाठी जोडता येते. यातून फायली काढा, एवढंच. ही प्रतिमा नव्या यंत्रावर जशीच्या तशी बसवायच्या भानगडीत पडू नका, ड्रायव्हर जुळत नाहीत.

कुलूप

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने अख्खी कुलूपबंद केलेली, डिस्क लिनक्सवर उघडते; क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या साधनाला ते २.३ आवृत्तीपासून येतं. ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ईएफएसने (विंडोजचं सुट्या फायलींचं एन्क्रिप्शन) कुलूपबंद केलेल्या फायली, म्हणजे विंडोजमध्ये ज्यांची नावं हिरवी दिसतात त्या, मात्र प्रमाणपत्राशिवाय कुणालाच उघडता येत नाहीत. जुनं विंडोज चालू आहे तोवर त्यांचं एन्क्रिप्शन तिथेच काढा किंवा प्रमाणपत्र पीएफएक्स फाइल म्हणून बाहेर काढा.

मॅकमधून आलेल्या प्रती असतील तर

एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या साठवण-पद्धतीच्या डिस्कवर फाइलचं नाव सुटं करून साठवलं जातं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ तिथे ‘र’ आणि नुक्ता अशा दोन खुणा होतो. दिसायला नाव तेच, पण लिनक्सवर शोध घेतला तर सापडत नाही, आणि तुलना करणारे प्रोग्रॅम एकाच फाइलला दोन समजतात. कॉन्व्हएमव्ही या प्रोग्रॅमला ‘एनएफसी’ (सुट्या खुणा परत जोडण्याचा) पर्याय दिला की सगळी नावं एकदम जुळतात. तो नुसता चालवला तर काहीच बदलत नाही, काय बदलेल तेवढं दाखवतो. यादी डोळ्यांखालून घालून मग खरोखर बदलण्यासाठी ‘नोटेस्ट’ जोडा.

तपासणी

शून्य बाइटच्या फायली शोधून वेगळ्या काढा. प्रत्येक प्रकारच्या पाचसात फायली उघडा, त्यात सर्वांत मोठी आणि सर्वांत जुनी हवीच. फोटोची लघुप्रतिमा दिसली म्हणून समाधान मानू नका. खालचा अर्धा भाग करडा असलेल्या फोटोचीही लघुप्रतिमा छान दिसते.