जुनी स्टेशन वॅगन घेताय? बघायला मागून सुरुवात करा

रोज चालवायला जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागच्या टोकापर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी, शोधायची तर आपल्याकडे फार निवड नाही. 1990 च्या दशकातली टाटा इस्टेट, मारुती बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, फियाटची वीकेंड, 2004 ला आलेली टाटा इंडिगो मरीना, मुख्य नावं एवढीच. इस्टेट आणि स्विंग हौसेसाठी ठीक. रोज ऑफिस, शाळा, बाजार करायचा तर मरीना किंवा अल्टुरा. मरीनाचं इंजिन इंडिकाच्या घरातलं, त्यामुळे सामान कुठेही मिळतं. अल्टुराचं 1.6 लिटर पेट्रोल इंजिन चालवायला जास्त गोड, पण पार्ट शोधायची तयारी ठेवा.

कोल्हापुरात इंजिनची भीती बाळगायचं कारण नाही. हेड घासणं, बोअर करणं, बुश ओतून घेणं, सगळं उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये होतं. होत नाही ते काचेचं आणि प्लास्टिकचं. मागची काच, टेललॅम्प, डिकीचं रबर, बाजूच्या लांब काचा हे सेडानचं बसत नाही आणि भंगारातही क्वचित मिळतं. म्हणून बॉनेट नंतर उघडा, आधी डिकी.

डिकी पूर्ण वर करून हात सोडा. खाली आली तर डिकी तोलून धरणारे गॅस शॉक गेलेत. हे किरकोळ, मापाचे दुसरे बसतात. मग बिजागरीजवळची रबरी नळी बाजूला सरकवा. आतली वायर हजारो वेळा वाकून तिथेच तुटते, आणि मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, काचेवरचं दव घालवणारा डिफॉगर एकेक करून बंद पडतात. मालक सांगेल "फ्यूज गेलाय". तुटलेल्या वायरींना नवे तुकडे सोल्डर करून जोडले की काम होतं, पण जुन्या वायरीवर नुसती टेप गुंडाळलेली दिसली तर भाव पाडा.

आता कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा. खालच्या खड्ड्यात पाणी, गंज किंवा नवाकोरा काळा रंग दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाजाऐवजी भुसभुशीत लागलं तर पत्रा गेलाय. पाणी बहुतेक वेळा काचेच्या रबरातून, टेललॅम्पच्या गॅस्केटमधून किंवा वायपरच्या पाण्याच्या नळीतून येतं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने वरून दहा मिनिटं पाणी सोडायचं, लगेच कळतं.

मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहिलेली वॅगन मागे बसलेली असते. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. सेंटीमीटरभराहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग जोडीने बदलायच्या.

2005, 2019, 2021 च्या महापुरांमुळे इथे आणखी एक तपासणी चुकवू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते. सीटच्या रेलचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा; गंज किंवा हिरवट थर चढलेला असेल तर गाडी पाण्यात होती. अशी गाडी फुकट दिली तरी नको.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई असेल तर हेड गॅस्केट गेल्याचा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा, संशय धरा. पेट्रोल गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर जवळपास सारखे आहेत का ते महत्त्वाचं, दर चौरस सेंटीमीटरला एका किलोहून जास्त फरक नको. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धरा. घेतल्या घेतल्या टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा टाका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुने रबरी होज त्याने फुगतात आणि चिरतात, तेही बदला.

चाचणीला पन्हाळ्याचा रस्ता उत्तम. एसी लावून, मागे दोघं बसवून चढा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर बहुतेक रेडिएटर चोंदलाय किंवा पंखा चालत नाही. उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर रोजच्या वापरात नको.

कागदांत आधी चासी नंबर आरसीशी ताडून बघा. 15 वर्षं झालेली गाडी असेल तर नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, गॅसकिट असल्यास आरसीवर नोंद आहे का, हे सगळं पैसे देण्याआधी तपासा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हवं. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. गाडी एमएच-09 च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या, बाहेरची असेल तर तिथली एनओसी (ना-हरकत दाखला) लागते का तेही विचारा. सह्या समोर घ्या. पैशाचं म्हणाल तर गाडीच्या किमतीच्या निम्मे वेगळे ठेवा, पहिल्या सहा महिन्यांत लागतातच.