तिसऱ्या पक्षाला मत देताय? या चुका टाळा

अमेरिकेत दर चार वर्षांनी कुणीतरी विचारतंच, "डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघंही नकोत, तर ग्रीन किंवा लिबर्टेरियनसारख्या छोट्या पक्षाला मत दिलं म्हणून काय बिघडतं?" आधी राज्य सांगा. मेन आणि नेब्रास्का सोडली, तर राज्यात पहिला येणारा तिथली सगळी इलेक्टोरल मतं (राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) घेऊन जातो. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली. इलेक्टोरल मत एकही नाही.

सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे जुन्या निकालांवरून राज्य 'सेफ', म्हणजे एकाच पक्षाच्या हक्काचं, ठरवणं. मिशिगनमधल्या एका परिचिताला ट्रम्प मुळीच नको होते. पण १९९२ पासून तिथे सलग डेमोक्रॅट जिंकलेले. "हिलरी येणारच, माझं मत मोकळं," म्हणत २०१६ मध्ये गड्याने ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना मत दिलं. ट्रम्प तिथे १०,७०४ मतांनी जिंकले. स्टाइनना ५१ हजारांवर मतं होती. ती सगळीच हिलरींकडे गेली नसती, बरेचजण घरीच बसले असते, हे मान्य. पण मतदानाच्या आदल्या दिवशी दोन्ही उमेदवार मिशिगनमध्येच सभा घेत होते! सेफ राज्यात शेवटचा दिवस कोण घालवतं? मी जनमत चाचण्यांच्या आधी प्रचाराचं वेळापत्रक बघतो. उमेदवार फिरकतच नसतील, तर खुशाल तिसऱ्याला द्या.

तेही कशासाठी, ते ठरवून. 'निषेध' कुणी मोजत नाही. देशभरात ५ टक्के मतं मिळाली, तर पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळू शकतो. पेरो १९९६ मध्ये रिफॉर्म पक्षाकडून लढले, त्या ८.४ टक्क्यांमुळे त्या पक्षाच्या उमेदवाराला २००० मध्ये सव्वा कोटी डॉलरहून जास्त मिळाले. त्याच वर्षी ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर २.७ टक्क्यांवर अडकले, आणि फ्लोरिडाचा, त्याबरोबर अध्यक्षपदाचाही, निकाल बुश यांच्या बाजूने ५३७ मतांनी लागला. ५ टक्क्यांसाठी वायोमिंगसारख्या सेफ राज्यातलं मतही तितकंच मोजलं जातं. ते फ्लोरिडात मागायची गरज नव्हती.

बाकीच्या चुका किरकोळ. मेनमध्ये मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम देता येत असताना दुसरी पसंती कोरी सोडू नका. मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिणार असाल, तर त्या उमेदवाराने राज्यात नोंदणी केली आहे का ते बघा. अनेक राज्यांत नसेल तर ते मत मोजतच नाहीत. इंटरनेटवर दुसऱ्या राज्यातल्या मतदाराशी मतांची अदलाबदल (तू माझ्या उमेदवाराला दे, मी तुझ्या) करायचा शॉर्टकट मला पटत नाही. मतदान गुप्त असतं, समोरच्याने शब्द पाळला हे कळणार कसं?

न्यूयॉर्कवाल्यांना तर एवढी डोकेफोड करायचीही गरज नाही. तिथे वर्किंग फॅमिलीज पक्ष बहुतेक वेळा डेमोक्रॅटिक उमेदवारालाच मतपत्रिकेवरच्या आपल्या ओळीत उभं करतो. त्या ओळीवर दिलेलं मत उमेदवाराच्या बेरजेत जातं आणि पक्षाच्या नावावरही लागतं.