निवारा केंद्राचं शेजाऱ्यांशी कसं जुळवावं

बेघरांसाठी निवारा केंद्र हवं, हे मुंबईत बहुतेकांना मान्य असतं. फक्त ते आपल्या गल्लीत नको असतं. पण केंद्र सरकारच्या, 2024 मध्ये संपलेल्या, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता की शहरातल्या दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांच्या निवाऱ्याची सोय असावी. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. त्या हिशेबाने निदान 12 हजार 400 जणांची सोय व्हायला हवी, आणि आजची केंद्रं त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. म्हणजे आज ना उद्या बऱ्याच गल्ल्यांत केंद्र येणार आहे, यायलाच हवं. ते चालवणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी कसं जुळवून घ्यावं, यासाठी हा लेख.

आधी फेरी मारा, मग बोर्ड लावा

केंद्र सुरू व्हायच्या आधी आजूबाजूला पायी फिरा. सोसायटीचे सेक्रेटरी आणि चाळ कमिटी तर झालीच, पण कोपऱ्यावरचा चहावाला, वाणी, रिक्षा स्टँडवरची मंडळी, गणेश मंडळाचे कार्यकर्ते आणि सफाई कामगारांचे मुकादम यांनाही भेटा. गल्लीचं मत घडतं ते यांच्याच तोंडून. प्रत्येकाला एकच विचारा: तुम्हाला काळजी कशाची वाटते? चोरी होईल, दारू पिऊन पडतील, मुलींनी क्लासवरून यायचं कसं, घाण होईल, अशी उत्तरं येतील. वाद घालू नका. ‘असलं काही होणार नाही’ असा शब्दही देऊन टाकू नका. वहीत लिहून घ्या आणि कशावर काय करणार, ते पुढच्या भेटीत सांगा.

भांडणाची मुळं आधी काढा

भांडणं बहुतेक संडास, पाणी आणि रात्रीची वेळ यांवरून होतात. आत पुरेसे संडास नसतील, तर सकाळी सहाला 50 माणसं चाळीच्या सार्वजनिक शौचालयापुढे रांगेत उभी राहणार. मग तुम्ही कितीही सभा घ्या, उपयोग नाही. अभियानाच्या निकषांत माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकाची सोय धरलेली होती. वॉर्ड ऑफिसकडे त्याचा पाठपुरावा आधी करा.

रात्रीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूने केलेला नियम अंगाशी येतो. केंद्रातले कित्येक जण केटरिंगच्या कामाला जातात. लग्नसराईत वाढपी रात्री एक-दोनला परततो. दहा वाजता दाराला कुलूप लागत असेल, तर तो शेजारच्या दुकानाच्या पायरीवर अंग टाकतो. सकाळी शटर उघडायला आलेला दुकानदार त्याला हाकलतो आणि केंद्राच्या नावाने बोंब होते. म्हणून रात्री दार उघडायला माणूस हवा, आणि उशिरा येणाऱ्याचं जेवण झाकून ठेवलेलं हवं. केंद्र चोवीस तास उघडं असावं, असंच अपेक्षित आहे.

तक्रारीला एक नंबर, एक वही

गेटवर मोठ्या अक्षरांत एक मोबाइल नंबर लिहा. रात्री तो ड्युटीवरच्या माणसाकडे असू द्या. तक्रार वहीत नोंदवा आणि काय केलं, ते तक्रार करणाऱ्याला त्याच दिवशी कळवा. महिन्यातून एकदा बैठक घ्या, पण रोजंदारीची माणसं परतल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर. निवाऱ्यातले दोघे तरी त्यात हवेतच, त्यातली एक बाई. पहिलं बोलणं त्यांचं होऊ द्या.

मदत घ्या, तमाशा नको

पोराच्या वाढदिवसाला केक घेऊन येणारे, ओळीत बसवून फोटो काढणारे भेटतील. त्यांना नम्रपणे पण ठाम सांगा: या, बसा, सोबत जेवा, फोटो नको. कुणाच्या गावाला आपण कुठे राहतो ते माहीत नसतं, कुणी मारझोडीतून पळून आलेली असते.

काय आणू, असं कुणी विचारलं तर छोटी कुलपं सांगा. फुटपाथवर सगळ्यात जास्त चोरीला जातात ती कागदपत्रं, आणि पेटीला कुलूप लागलं की माणूस निर्धास्त कामाला जातो. साबण आणि सॅनिटरी पॅडही नेहमी कमीच पडतात.

याहून मोठी मदत म्हणजे अर्ज भरून देणं. बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेले काका-काकू दर गल्लीत असतात. मतदार यादीसाठी बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही: नमुना 6 मध्ये झोपायची जागा लिहायची, मग मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो तिथे झोपतो का, ते पाहतो. हे माहीत नसल्याने कित्येकांचे अर्जच भरले जात नाहीत.

सोसायटीला रंगारी, प्लंबर लागला तर निवाऱ्यातल्या कारागिराला जरूर बोलवावं, पण मजुरी बाजारभावाने द्यावी. ‘राहायला मिळतंय ना’ म्हणून जिने झाडून घेणं चालू देऊ नका. मंडळाच्या आरतीला बोलावणं आलं तर ते सगळ्यांना सांगा. जायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवेल.

काही घडलंच तर

गल्लीत चोरी झाली की पहिलं बोट निवाऱ्याकडे जाईल. ये-जा नोंदवही चोख असेल तर अर्धा वाद तिथेच मिटतो. ती वही पोलिसांना रीतसर मागणीवर दाखवावी, शेजाऱ्यांना नाही. कुणी मानसिक आजाराने भरकटलेलं दिसलं, तर त्याला संरक्षणात घेऊन उपचारापर्यंत पोचवणं ही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 नुसार पोलिसांची जबाबदारी आहे, आणि बेघराला हे उपचार मोफत मिळायला हवेत. एकटं मूल दिसलं तर 1098 ला फोन करा.

दर मे महिन्यात, पावसाआधी, तीच पहिली फेरी पुन्हा मारा. सोसायटीची कमिटी बदललेली असते, भाडेकरू नवे असतात, आणि जूनमध्ये निवाऱ्यात गर्दी वाढणार असते. या वेळी सोबत निवाऱ्यातले दोघे-तिघे घ्या. बोलणं त्यांनाच करू द्या.