जपानला निघताना आधी मोजे तपासा

व्हिसा, विमा, पासपोर्टची झेरॉक्स हे ट्रॅव्हल एजंट दहा वेळा सांगेलच. तो जे सांगत नाही, तिथून सुरुवात करू. घरातले सगळे मोजे पलंगावर ओता. अंगठ्याला भोक पडलेले, टाचेला विरलेले बाजूला काढा. देवळात, जुन्या वळणाच्या खाणावळीत, तातामी, म्हणजे गवती चटया, घातलेल्या खोलीत, काही दुकानांत तर कपडे घालून बघायच्या खोलीतही बूट बाहेर काढावे लागतात. क्योतोच्या एका देवळात आमच्या सासूबाई डावा अंगठा उजव्या पायामागे लपवत उभ्या होत्या. समोरची बाग त्यांनी पाहिलीच नाही. बूटही पटकन निघणारे घ्या, आणि नवे असतील तर इथेच आठवडाभर घालून फिरा. तिथे दिवसभर चालणं होतं.

आता पोटाचं. शाकाहारी असाल तर ‘मी व्हेजिटेरियन’ एवढ्यावर भागत नाही. समोरच्याला वाटतं, मांस नको, मासा चालेल. आणि मासा दिसतोच असं नाही. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं), उदोन आणि सोबा या नूडल्स, यांच्या रश्शाला चव येते ती दाशीची, म्हणजे आधी काढून ठेवलेल्या अर्काच्या पाण्याची, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवून धुरी दिलेल्या माशाच्या कीसाची. मी पहिल्याच दिवशी भाजी घातलेलं उदोन आवडीने संपवलं आणि मग विचारलं. म्हणून ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानी लिपीत लिहून घेतलेला कागद जवळ असू द्या. तो दाखवला की काही ठिकाणी हात जोडून ‘जमणार नाही’ म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, खोटं सांगून वाढण्यापेक्षा ते बरं. एखादं जेवण देवळातल्या शोजिन र्‍योरीसाठी राखून ठेवा. बौद्ध भिक्षूंचं जेवण ते, दाशीसुद्धा कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची. महाग पडतं, पण तोफू इतका बोलका असतो हे तिथे कळतं.

बाकी दिवसांसाठी मेतकूट. हसू नका. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, शिजवलेल्या भाताचं पाकीट मिळतं, ते मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत वाफाळतं. त्यावर मेतकूट आणि सोबत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट उमे फळ, जी थेट आपल्या खारातल्या लिंबासारखी लागते. ताजी फळं, कढीपत्ता आणि मांसाचा कोणताही पदार्थ मात्र बॅगेत नको, विमानतळावर अडतो. हापूसही नाही. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं वाचून घ्या. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध तिथे नेता येत नाही.

घरची किटली नेऊ नका. तिथे वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची किटली जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या ताकदीने तापेल. चहा होईस्तोवर गाडी चुकेल. फोनचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

बॅग टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर तोक्यो-क्योतो शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, तिच्यासाठी वेगळं आरक्षण लागतं. किंवा हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या मुक्कामी पाठवून द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. जपानमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फुजी पर्वत नसून ही सोय आहे.

खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट कायम हवा, परदेशी पर्यटकाला तो जवळ बाळगावाच लागतो. हातरुमाल ठेवा, कारण बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. आणि एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी, कारण रस्त्यावर कचराकुंडी क्वचितच दिसते. वेफर्सचं पाकीट संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबरच फिरणार.

शेवटी चिल्लरीचा बटवा. 500 येनपर्यंत नाणीच असतात, खिसा भरतो. त्यातली मध्ये भोक असलेली 5 येनची नाणी खर्चू नका. 5 येनचा उच्चार ‘गो-एन’ होतो, आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऋणानुबंध, म्हणून देवापुढे तीच टाकतात. तोक्योतल्या आसाकुसा भागात गेलात तर सेन्सोजी या प्रसिद्ध देवळाच्या गर्दीतून निघून जवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात जा. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, मूर्ती मात्र दर्शनाला खुली नसते. दूर्वा नेऊ नका. त्याला मुळा वाहतात, पांढराशुभ्र लांबलचक, आणि तो देवळातच विकत मिळतो.