फेकलेली दोरी समोर ढिगासारखी पडत असे : माझा अनुभव

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा असल्यामुळे तो मराठवाड्यात मिळत नाही. काठीने दोरी फेकून, तिच्या टोकाला बांधलेल्या कृत्रिम माशीने (माशीसारख्या दिसणाऱ्या गळाने) तो पकडण्यासाठी, म्हणजे फ्लाय फिशिंगसाठी, मी हिमाचलातील तीर्थन नदीवर जातो आणि सराव मात्र पैठणजवळच्या आमच्या शेततळ्यावर करतो. तेथे जवळजवळ प्रत्येक फेकीत दोरी समोर ढिगासारखी कोसळत असे, आणि कधी मागे चाबकासारखा आवाज होऊन कृत्रिम माशी तुटून जात असे. जोर वाढवला, लीडर (दोरी आणि माशी यांना जोडणारा बारीक धागा) आखूड केला, दोरीही बदलली. दोन महिने काहीच साधले नाही आणि मी हताश झालो होतो.

मागे गेलेली दोरी सरळ होण्यापूर्वीच मी काठी पुढे आणत होतो आणि मनगटही मागे वाकवत होतो, हा खरा दोष होता. माशीऐवजी लोकरीचा गोंडा बांधला आणि काठीचे मुठीखालचे टोक रुमालाने हाताला, मनगटाच्या मागे, बांधले. 9 फुटी काठीतून सुमारे 8 मीटर दोरी बाहेर सोडून काठीचा शेंडा पाण्यालगत नेला व ढील संपल्यावरच उचल सुरू केली. डोक्यावर 12 आणि पाठीमागे 3 असे घड्याळ मानून, वेग वाढवत नेलेली काठी 1 वर एकदम थांबवली. मग मान वळवून दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत पाहिले, आणि त्यानंतरच काठी पुढे आणून 10 वर तितक्याच ठामपणे थांबवली. दोरी समोर उलगडल्यावर शेंडा खाली नेला. तळ्याच्या आतल्या उतारावर न थांबता बांधाच्या माथ्यावर उभे राहावे, नाहीतर मागची दोरी बांधाला अडकते. दोरी जितकी लांब, तितका मागचा थांबा मोठा ठेवावा लागतो. म्हणून आकडे मोजू नयेत, डोळ्यांनीच पाहावे.