हिस्ट्री घ्यायची, पण वही कोणाच्या हातात?

महापालिकेच्या एका हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं मेडिकल सोशल वर्कर होते. पेशंटजवळ बसून त्याचं घर, काम, पैसा, दुखणं समजून घ्यायचं, याला आमच्याकडे ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतात. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही. दर शनिवारी दुपारी लालबागला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी बसते. ज्याला आपलं आयुष्य एकदा सलग बघायचं असेल, त्याच्यासोबत बसून ते बघते. पैसे घेत नाही.

गेल्या दिवाळीनंतर डोंबिवलीचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला. रात्री झोप नाही, दोन नोकऱ्या सोडलेल्या. मोबाइलवर त्याने बरंच पाहिलं होतं. म्हणाला, “बाई, सायंटॉलॉजीत ऑडिटिंग करून माणसाचं अख्खं आयुष्य उलगडतात म्हणे. तसं तुम्ही माझं कराल का?” मी म्हटलं, मला पंधरा दिवस दे, आधी वाचते. वाचलं. त्यानंतर आम्ही जे केलं ते इथे लिहिते आहे. घरात, ओळखीत कोणाची हिस्ट्री घ्यायची असेल किंवा स्वतःची कोणाला सांगायची असेल, तर उपयोगी पडेल.

आधी ऑडिटिंगबद्दल. एल. रॉन हबर्ड या अमेरिकी लेखकांचं ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० साली आलं आणि पुढे त्यातूनच सायंटॉलॉजी ही स्वतःला धर्म म्हणवणारी संस्था उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं, की वेदनेच्या आणि शुद्ध हरपल्याच्या क्षणांचे ठसे मनाच्या एका भागात तसेच राहतात. त्या ठशांना ते एन्ग्राम म्हणतात. माणसाचा सगळा भूतकाळ एका काळपट्टीवर ओळीने मांडलेला आहे, असंही ते धरून चालतात. ऑडिटर समोर बसून प्रश्न विचारतो. सांगणाऱ्याच्या हातात धातूचे दोन डबे असतात, ते ई-मीटरला जोडलेले. त्यातून अगदी बारीक वीज जाते आणि अंगाचा विद्युतरोध बदलला की काटा हलतो. काटा कसा हलतो ते पाहून कुठल्या गोष्टीत शिरायचं हे ऑडिटर ठरवतो. एक प्रसंग सांगून झाला की विचारतो, याच्यासारखं याच्या आधी काही घडलं होतं का? मग त्याच्याही आधी? असं मागे मागे जात बालपण, आईचं पोट आणि मागचे जन्म.

यातल्या काही गोष्टी मला मनापासून पटल्या आणि मी त्या घेतल्या. ऑडिटरसाठी त्यांची एक आचारसंहिता आहे. समोरचा उपाशी असेल, त्याची झोप झालेली नसेल, तर बसायचं नाही. दिलेली वेळ पाळायची. तो सांगेल त्याचा अर्थ आपण लावून द्यायचा नाही, त्याचं म्हणणं खोडायचं नाही. शिवाय प्रत्येक उत्तर ‘ऐकलं’ अशी पोच द्यायची. आमच्या ओपीडीत रांग दारापर्यंत असायची, तिथे पोच द्यायला कोणाला वेळ असतो? पेशंट बोलत असतो आणि आपण खाली मान घालून केस पेपर भरत असतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

तर पहिलं काम, पोट. माझ्याकडे येणाऱ्याला मी जेवून यायला सांगते आणि रात्रपाळी करून आलेल्याला परत पाठवते. दुसरं काम, जागा. मुंबईत हे अवघड आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, मुलं, टीव्ही असताना कोण काय सांगणार? शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी टाळा, दर पाच मिनिटांनी कोणीतरी ओळखीचं थांबतं. माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स दुपारी बरी. राणीची बाग चांगली, पण बुधवारी बंद असते. इमारतीची गच्ची मिळाली तर उत्तम. तासाभराहून जास्त बसू नका.

मग कागद. मी एक फुलस्केप वही देते, आणि ती सांगणाऱ्याच्या हातात देते. लिहितो तो. मी फक्त विचारते. याचं कारण पुढे येईल.

‘तुमच्या बालपणाबद्दल सांगा’ असं कधी विचारू नका. त्यावर माणूस शाळेतल्या निबंधासारखं बोलतो. मी पत्त्यापासून सुरुवात करते. जन्मापासून आजपर्यंत कुठकुठल्या खोल्यांत राहिलात? प्रत्येक खोलीला एक पान. त्या पानावर खोलीचा चौकोन काढायचा. मोरी कुठे, स्टोव्ह कुठे, खिडकी कुठे, आणि रात्री कोण कुठे झोपायचं. या शेवटच्या प्रश्नाइतका खोल जाणारा प्रश्न मला एकतीस वर्षांत दुसरा सापडलेला नाही. खाटेवर कोण आणि खाटेखाली कोण, गॅलरीत कोणाला पाठवलं, नवं लग्न झालेल्यांसाठी पडदा कुठे लावला, पाहुणा आला की कोण उठायचं. माणसाला वर्षं आठवत नाहीत, पण आपली गोधडी कुठे पसरायची ते आठवतं. करी रोडच्या चाळीत वाढलेल्या एक मावशी दोन बैठका सगळं छान होतं असंच सांगत होत्या. चौकोन काढला, सात जणांना जागा दिल्या आणि पेन्सिल हवेतच राहिली. आठवी जागा धाकट्या भावाची होती. तो तीन वर्षांचा असताना गेला. त्याचं नाव त्यांनी चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. मी काहीही विचारलं नव्हतं.

चौकोन झाले की वर्षं लावायची. इथे हे शहरच मदतीला येतं. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३ला झाले, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ‘कितव्या साली?’ असं न विचारता ‘घरी टीव्ही आला होता का?’, ‘२६ जुलैला तू कितवीत होतास, कोण कुठे अडकलं होतं?’ असं विचारा. आधी की नंतर, एवढं कळलं तरी पुरतं. कुणाच्या घरी जुनी कालनिर्णय ठेवलेली असतील तर ती काढा. त्यांतल्या तारखांच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, माहेरी गेल्याचा दिवस, सगळं घरच्या बाईच्या अक्षरात सापडतं.

आता माझी चूक. ती मी दर वेळी सांगते.

हॉस्पिटलात असताना एक बाई माझ्याकडे यायच्या. वडील गिरणीत बदली कामगार. संपानंतर घरात काय झालं ते त्या सांगत होत्या. वडील जिन्यात पडायचे, भिंतीला धरून यायचे, आई रडायची. मी विचारलं, “तेव्हा वडील प्यायला लागले होते का?” संपानंतरच्या इतक्या घरांत मी तेच ऐकलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. त्या जरा थांबल्या आणि “हो, असेल,” म्हणाल्या. पुढच्या बैठकीत ‘असेल’ निघून गेलं. तिसऱ्या बैठकीत वासाचं वर्णनसुद्धा आलं. मग एकदा त्यांचे मोठे भाऊ सोबत आले आणि ऐकून सुन्न झाले. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांना टीबी होता. चार पायऱ्या चढायचं बळ नव्हतं आणि काम जाईल म्हणून त्यांनी तो लपवला होता. बाई मला म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत ना मॅडम, तेव्हापासून मला तसंच दिसायला लागलं.” एका मेलेल्या माणसाला मी एका प्रश्नात दारुडा केलं, तेही त्याच्या मुलीच्या डोक्यात.

हे का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या पन्नास जणांना विचारलं, ‘चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? पहिल्यांतले ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यांतले १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

म्हणून ‘याच्या आधी असं काही घडलं होतं का?’ हा ऑडिटिंगमधला प्रश्न मी फक्त एकदा विचारते. उत्तर ‘नाही’ आलं की ते खरं मानते. पुन्हा पुन्हा विचारलं, ‘मागे जा, अजून मागे जा’ म्हटलं, तर भला माणूस तुमचा मान राखायला काहीतरी शोधून आणतो, आणि नंतर त्याला ते स्वतःचंच वाटू लागतं. मागच्या जन्माचंही तसंच. आपल्याकडे पूर्वजन्मावर श्रद्धा असणारे पुष्कळ आहेत. कोणी आपणहून सांगितलं तर त्याच्या वहीत त्याने जरूर लिहावं. मी ते खोडत नाही, त्याला दुजोराही देत नाही, आणि तिकडे कोणाला नेत तर मुळीच नाही.

मीटर मी वापरत नाही. त्वचेचा विद्युतरोध घामाने बदलतो, डबे किती घट्ट धरले त्यानेही बदलतो. काट्याने फार तर अंगात काहीतरी हललं एवढं कळेल. काय घडलं होतं ते कळणार नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९६३ साली ही यंत्रं जप्त केली होती. रोगाचं निदान किंवा उपचार करायला ई-मीटरचा उपयोग नाही, असा इशारा त्यावर लावावा, असा तिथल्या न्यायालयाचा आदेश १९७१चा आहे. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याकडे बघा. श्वास वरवरचा झाला, नजर एकाच ठिकाणी खिळली, बोटं गार पडली, आवाज लहान मुलासारखा झाला, की प्रश्न बंद. पाणी द्या. आज वार कोणता, इथे कशाने आलास, उतरल्यावर काय खाल्लंस, असं आजचं विचारा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा. त्या दिवशी पुढे जायचं नाही.

आणि आपली हद्द ओळखा. जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हणालं, न दिसणारं दिसतं, आवाज येतात असं म्हणालं, तर वही मिटा आणि त्याच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सायंटॉलॉजीचा मानसोपचारशास्त्राला आणि त्यातल्या औषधांना पूर्ण विरोध आहे. माझा नाही. चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, माझ्याही, बंद करू नका. मी अशी बंद केलेली माणसं वॉर्डात पाहिली आहेत.

आता वहीबद्दल. ऑडिटिंगमध्ये ऑडिटर लिहीत जातो, त्याची फाइल होते, ती वरचा केस सुपरवायझर वाचतो, आणि ती संस्थेकडे राहते. हॉस्पिटलचीही फाइल असते, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. कुठल्याही संस्थेत, बाबांकडे, शिबिरात किंवा माझ्यासारखीकडे आयुष्य सांगायला बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे लिहिलेलं कोण वाचणार? मी सोडून गेलो तर ते कोणाकडे राहील? पुढच्या पायरीचे पैसे किती? उत्तर सरळ आलं नाही तर चहा पिऊन उठा. आईच्या चुका, नवऱ्याचं कर्ज, स्वतःची लाज, हे सगळं दुसऱ्याच्या कपाटात राहिलं की माणूस त्या कपाटाला बांधला जातो. म्हणून माझ्याकडे कपाटच नाही. वही येते त्याच्या पिशवीतून आणि जाते त्याच्याच पिशवीतून. मी विसरले तर विसरले.

तो डोंबिवलीचा मुलगा पाच शनिवार आला. तिसऱ्या वेळी त्याने लहानपणीच्या खोलीचा चौकोन काढला. कपाटाशी आजी, मध्ये तो आणि बहीण, खिडकीखाली आई, तिच्या बाजूला बाबांची जागा. बाबा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असायचे. आपल्याला रात्री जाग यायची आणि भीती वाटायची, पण कशाची ते आठवत नाही, म्हणाला. मी विचारलं नाही. म्हटलं, वही घरी ने, वाटलं तर आईला दाखव.

पुढच्या शनिवारी त्याने वही उघडून माझ्यासमोर धरली. खिडकीखालची आईची जागा निळ्या पेनाने खोडलेली होती आणि दाराला लागून एक छोटी रेघ होती. ती आईने काढली होती. बाबा येईपर्यंत मी तिथेच बसायचे, ती त्याला म्हणाली होती, झोपायचे नाही. कारखान्याकडून मोठा आवाज आला की तू उठायचास, आणि मी अंधारात तुला दिसायचे नाही.