लॅपटॉपला लिक्विड मेटल लावताना या चुका टाळा

लॅपटॉप तापू लागला की प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यासाठी लावलेली जुनी थर्मल पेस्ट काढून लिक्विड मेटल लावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्याने तापमान उतरते, हे खरे आहे. मात्र सल्ला देणारा बहुधा पहिल्या दिवसाचे आकडे सांगत असतो, आणि या पदार्थाचे खरे त्रास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतात.

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू. शुद्ध गॅलियम सुमारे 29.8 अंश सेल्सिअसला वितळते; इतर दोन धातूंमुळे हे मिश्रण त्याहून थंड हवेतही द्रवच राहते. धातू असल्याने ते उष्णतेबरोबर वीजही वाहून नेते आणि पेस्टच्या सवयीने हाताळणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर सहसा धातूचे झाकण असते. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते आणि तिच्या कडेला कपॅसिटर नावाचे चिमुकले विद्युतभाग दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे मोहरीहून लहान थेंबही शॉर्टसर्किट करू शकतो. म्हणून आधी ते भाग कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी विद्युतरोधक चिकटपट्टी) किंवा विद्युतरोधक लेपाने झाकावेत, लेप पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सिरिंज हातात घ्यावी. सिरिंजमधून पहिला थेंब अनेकदा एकदम उडतो, तेव्हा तो मदरबोर्डपासून दूर, कागदावर काढावा. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) या दोन्हींवर कापसाच्या काडीने घासून पातळ थर द्यायचा असतो. थेंब लोंबत असेल तर प्रमाण जास्त झाले आहे, असे समजावे.

हीटसिंकचा धातू न तपासणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर कुठे खरवडलेला असेल, तर गॅलियम तेथून धातूच्या कणांच्या सांध्यांत शिरते आणि तो धातू ठिसूळ होऊन तुटू लागतो. रंगावर विसंबून राहू नये, कारण निकेलचा मुलामा दिलेले तांबेही ॲल्युमिनियमसारखेच रुपेरी दिसते. शंका असल्यास संपर्काच्या पृष्ठभागापासून दूर, कडेला बारीक ओरखडा काढावा. आत तांबूस रंग दिसला, तर ते तांबे आहे. निकेलचा मुलामा गॅलियमला रोखतो. उघड्या तांब्यात मात्र ते हळूहळू शोषले जाते, थर कोरडा पडतो आणि काही महिन्यांनी तापमान पुन्हा चढते. दोष बिचाऱ्या पंख्याला दिला जातो!

लॅपटॉप एका जागी राहत नाही, हेही विसरले जाते. तो पिशवीत उभा राहतो, धक्के खातो, आणि जादा द्रव कडेला सरकतो. आसूसचे काही आरओजी लॅपटॉप किंवा 2020 साली आलेला प्लेस्टेशन 5 यांत लिक्विड मेटल कारखान्यातच भरलेले असते, पण तेथे द्रव रोखण्याची सोय मुळातच रचनेत केलेली असते. घरी लावणाऱ्याने निदान चिपभोवती फोमची चौकट तरी बसवावी.

प्रोसेसरचे काही कोअर (त्यातील स्वतंत्र गणनाभाग) इतरांपेक्षा सतत बरेच गरम राहत असतील, तर थर असमान आहे किंवा हीटसिंक तिरका बसला आहे, असा संशय घ्यावा. लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर पॉवरचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. चार्जर काढावा, लॅपटॉप उघडून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मगच भिंग घेऊन सांडलेले थेंब शोधावेत. ब्लोअर मारल्यास थेंब बोर्डभर पसरतात. सफाईसाठी वापरल्या जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हा धातू विरघळत नाही, त्यामुळे थेंब कापसाच्या काडीने टिपूनच घ्यावे लागतात. साफसफाईनंतर तांब्यावर राहिलेला राखाडी डाग निघत नाही, पण तेवढ्यावरून हीटसिंक बाद करू नये.

रोज पिशवीतून नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपसाठी मी स्वतः हनीवेलच्या पीटीएम7950 सारखी फेज चेंज शीट, म्हणजे तापल्यावर मऊ होणारा पातळ पत्रा, निवडेन. ती सुमारे 45 अंशांना मऊ होऊन फटी भरते, वीज वाहून नेत नाही आणि ॲल्युमिनियमलाही अपाय करत नाही.